लाळेच्या किटवरून मनोविकाराचं भविष्य: दोन तारे

पुण्यात घरपोच मिळणारं हे जनुक-चाचणीचं किट वापरायला सोपं. अर्धा तास आधी चहासुद्धा नाही, मग नळीत खुणेपर्यंत लाळ. फेस मोजू नका, नमुना कमी पडतो.

गोची अहवालात आहे. 'स्किझोफ्रेनिया: धोका जास्त' हा लाल शेरा अनेक जनुकांतले बारीक फरक जोडून काढलेल्या ज्या गुणांकावर बेतलाय, तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या माहितीतून आलेला, सदाशिव पेठेत तसाच कसा चालेल? एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी दुसऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. रोजचा कडक गांजा, बालपणीचे आघात, जन्मावेळची गुंतागुंत हेही मोजावं लागतं. किटसोबतच्या प्रश्नावलीत यातलं एकही नाही! आई किंवा वडिलांना आजार असेल तर धोका साधारण १० टक्के, एरवी १ टक्क्याच्या आसपास. एवढं मानसोपचारतज्ज्ञ घराण्याचा इतिहास विचारूनच सांगतात. तारे दिलेत ते पॅकिंगला.