कॅमेऱ्याची लेन्स कुठे ठेवावी: हवाबंद डबा की ड्राय कॅबिनेट?

नाशिकच्या उन्हाळ्यात लेन्सला धुळीपासून जपलं की भागतं. खरी काळजी पावसाळ्यात. आर्द्रता बरेच दिवस ६० टक्क्यांवर राहिली की काचेवर जाळीसारखी बुरशी धरते आणि कोटिंग कायमचं खराब करते.

एक-दोन लेन्स असतील तर रबरी कडेचा हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की सुकवायचे. हे मात्र विसरून चालत नाही.

ड्राय कॅबिनेट म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट. ते महाग, विजेवर चालतं, पण ४०-५० टक्के आर्द्रतेवर लावलं की रोज बघावं लागत नाही. नवशिक्यांना मी डबाच सांगेन. अंजनेरीच्या डोंगरावरून भिजून आलात तर लेन्स आधी पुसून सुकवा, मगच आत ठेवा. बॅगेत तर ठेवूच नका, तिचं अस्तर ओल धरून ठेवतं.