चाळिशीनंतर: सौना की बर्फाचा टब?

पाळी लांबायला लागली, अंग आखडतं, मग मडगावात पैसे कशावर घालावेत?

सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, 70 ते 90 अंशांत 5-10 मिनिटं पुरे. स्नायू सैल पडतात, पण अंगातून गरम वाफा येत असतील तर त्या भडकू शकतात. बाहेरच्या दमट हवेत घामही लवकर वाळत नाही.

टबाचा घोळ बर्फाचा. 28 अंशांचं 100 लिटर पाणी 15 वर आणायला साधारण 14 किलो बर्फ लागतो, दरवेळी! मासळीचा बर्फ असेल तर पिशवीत बांधूनच टाका. उतरताच श्वास अडकतो. 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर सोडा. जोरजोरात श्वसन पाण्यात नकोच, भोवळ येते.

आखडलेल्या अंगाला सौना, वाफांना गार पाणी. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. झोपेसाठी नुसता सावकाश श्वास, फुकट.