तालमीचा लाकडी सांगाडा श्रमदानाने उभा करून देणारी सुतारी सेवा : सोलापुरातील एक अभिप्राय

पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान विकत घेऊन त्यातून नव्या इमारतीचा सांगाडा घडवून देणारा, आणि उभारणीच्या दिवशी तो सांगाडा क्रेनशिवाय, काम सांगणाऱ्या मंडळाच्याच माणसांच्या हातांनी उभा करवून घेणारा एक सुतारी कारखाना सोलापुरात आहे. मालकांना प्रसिद्धी नको असल्याने कारखान्याचे नाव येथे देत नाही. आमच्या पेठेतील तालमीचा आखाडा या लोकांकडून बांधून घेतला, त्याला आता एक पावसाळा उलटला आहे. देऊळ, तालीम, वाचनालय किंवा समाजमंदिर यांसाठी अशा कामाचा विचार करणाऱ्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितो.

प्रथम कामाचे स्वरूप. आखाड्याची जागा तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब आहे. कुस्तीच्या हौदात मध्ये खांब चालत नाही, त्यामुळे पूर्ण तीस फुटांचा गाळा मोकळा ठेवणे भाग होते. दहा दहा फुटांवर एक अशा पाच कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे, दोन्ही बाजूंना मिळून दहा खांब आणि वर कौले, असा आराखडा ठरला. लोखंडी अँगलची शेड स्वस्तात झाली असती, हे खरे. पण जुन्या तालमीवर पत्रे होते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारनंतर त्याखाली जोर मारणे कठीण होत असे. शिवाय जुन्या छपराच्या तुळयांपैकी निम्म्याहून अधिक लाकूड अजून खणखणीत होते, ते भंगारात घालायला कोणाचेही मन धजेना. कारखान्याच्या मिस्त्रींनी आमच्या प्रत्येक तुळईवर हातोडीने ठोकून, आवाज ऐकून, जिथे शंका आली तिथे गिरमिटाने बारीक भोक पाडून आतला भुसा पाहिला आणि मगच लाकूड स्वीकारले अथवा बाजूला काढले. बाजूला काढलेल्या लाकडाची कारणे त्यांनी वस्तादांसमोर एकेक करून सांगितली. बहुतेकांची टोके भिंतीत गाडलेली असल्यामुळे ओलीने कुजली होती किंवा वाळवीने पोखरली होती, मधला भाग मात्र उत्तम होता. तेवढी टोके कापून उरलेल्या तुकड्यांचे तिरके आधार करावेत, ही सूचनाही त्यांचीच.

उरलेले लाकूड कारखान्याच्या आवारातून घेतले. कसब्यातील आणि शुक्रवार पेठेतील वाडे पाडले गेले की त्यांचे खांब, तुळया, कडीपाट अशा आवारांत येऊन पडतात. जुन्या सागाचा मोठा गुण असा की तो पूर्ण वाळलेला असतो. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, पण रुंदीत आणि जाडीत आटते. सोलापूरच्या कोरड्या हवेत असे अर्धओले लाकूड वापरले तर वर्षभरात सांधे सैल पडतात आणि तुळयांना पीळ येतो. दोषही तितकेच सांगितले पाहिजेत. जुन्या लाकडात खिळे रुतलेले असतात, जुन्या खाचा नको त्या ठिकाणी आलेल्या असतात आणि सलग तीस फुटांची तुळई अपवादानेच मिळते. आमच्या पाचही कैच्यांच्या तळतुळया म्हणूनच दोन दोन तुकडे जोडून कराव्या लागल्या. हा जोड साध्या खिळ्यांचा किंवा पट्ट्यांचा नाही. दोन्ही टोके लांब तिरपी कापून, त्यांत एकमेकांत अडकणाऱ्या खाचा घेऊन, मधोमध दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकलेल्या आहेत. ओढ पडली की खाचा एकमेकींत अधिकच घट्ट बसतात.

घडाईच्या बाबतीत या कारखान्याला मी पूर्ण गुण देईन. कैचीच्या मध्यभागी जो उभा खांब असतो, तो तळतुळईवर उभा आहे असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तळतुळईच त्याला लटकलेली असते आणि दोन तिरक्या वाशांनी त्याचा माथा आवळून धरलेला असतो. म्हणून त्या खांबाच्या वरच्या आणि खालच्या सांध्यावर सर्वांत जास्त काळजी लागते. मिस्त्रींनी पहिल्या कैचीचे ते सांधे लावून आम्हांला दाखवले. खांबाच्या टोकाचे कुसू, म्हणजे खाचेत बसण्यासाठी तासून काढलेली जीभ, वाशाच्या खाचेत बसवले, तेव्हा दोन लाकडांमध्ये वहीचा कागद जाईल एवढी फट दिसत होती. खाचेतले भोक आणि कुसवातले भोक त्यांनी मुद्दाम एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, सरकवून पाडले होते. वाळलेल्या बाभळीची, टोकाकडे निमुळती होत जाणारी खुंटी त्यांनी लाकडी मोगरीने ठोकायला सुरुवात केली. खुंटी आत शिरताना त्या सरकलेल्या भोकांना एका रेषेत ओढू लागली आणि प्रत्येक ठोक्याबरोबर फट मिटत गेली. शेवटी तिथे कागदही शिरेना. सबंध सांगाड्यात भार पेलणारा एकही सांधा खिळ्यावर अवलंबून नाही.

प्रत्येक लाकडावर पटाशीने खूण कोरलेली होती आणि त्या खुणांप्रमाणे सर्व कैच्या एकदा कारखान्याच्या आवारात जोडून, तपासून, पुन्हा सोडवून मगच आमच्याकडे आणल्या. ही पायरी खर्चिक आहे आणि काही मंडळे ती गाळायला सांगतात, असे मिस्त्रींकडून कळले. ती कोणीही गाळू नये. पन्नास माणसे हातात दोर धरून उभी असताना एखादे कुसू खाचेत जात नाही असे लक्षात आले, तर ते तासायला त्या वेळी सवड नसते आणि अर्धवट उचललेले लाकूड तसेच धरून ठेवणे फार धोक्याचे असते.

आता उभारणीविषयी, कारण या सेवेचे वेगळेपण तिथे आहे. तीस फुटांची एक कैची करायला बावीस घनफुटांच्या आसपास साग लागला. वाळलेला साग घनफुटाला अठरा-एकोणीस किलो भरतो. म्हणजे एका कैचीचे वजन चारशे किलोंच्या घरात जाते. तिला दोन्ही बाजूंचे बारा फुटी खांब जोडले की सहाशे किलोंचा सांगाडा जमिनीवर आडवा पडलेला असतो आणि तो खांबांच्या तळावर फिरवून उभा करायचा असतो. ही रीत जगात अनेक ठिकाणी चालत आली आहे. अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी शेजाऱ्यांना बोलावून धान्याची मोठी कोठारे अशीच उभी करतात, आणि 2019 च्या आगीत पॅरिसच्या नोत्र दामचे छप्पर जळाल्यानंतर 2020 च्या सप्टेंबरमध्ये सुतारांनी त्याच चर्चसमोरच्या पटांगणात, हातकुऱ्हाडीने तासलेल्या ओकची एक कैची दोर आणि कप्प्यांच्या साहाय्याने माणसांच्या बळावर उचलून दाखवली होती. आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच लाकडी काठ्या, मानकरी आणि भाविक ज्या रीतीने पेलतात, ती पाहिलेल्या सोलापूरकराला लांब लाकूड तोलण्यात ताकदीइतकाच सराव लागतो हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या स्वयंसेवकांत नंदीध्वजाच्या सरावाला जाणारी काही मुले होती आणि त्यांचा उपयोग पहिल्या क्षणापासून दिसला.

मिस्त्रींनी आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून एका साध्या तुळईवर तालीम घेतली. तिथे त्यांनी केलेली पहिली गोष्ट आम्हांला अनपेक्षित होती. तालमीतले सर्वांत ताकदवान पैलवान पुढे सरसावले, तेव्हा त्यांना थांबवून त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभे केले. ठेंगण्या माणसाच्या शेजारी उंच माणूस आला तर सगळा भार उंच माणसाच्या खांद्यावर येतो, आणि जोरदार गडी इतरांच्या आधी उचलतो तेव्हा सांध्याला पीळ बसतो, हे त्यांनी उचलून दाखवून पटवले. त्यांचे पुढचे सांगणे थोडक्यात होते : “मी थांब म्हटलं की हात तिथंच राहिला पाहिजे. पुढं काय चाललंय ते बघायला मान वळवायची नाही. बोलायचं मी एकट्यानं.” वस्तादांनीही स्वतः मागे उभे राहून मुलांना बजावले की आज मिस्त्रीच वस्ताद आहेत. त्या एका वाक्याने पुढचे काम निम्मे सोपे झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उभारणीच्या दिवशी चार तुकड्या पाडल्या होत्या. मोठी तुकडी कैचीच्या माथ्याकडून हातांनी उचलणारी. दुसरी, हात पुरेनासे झाले की टोकाला लोखंडी अणकुचीदार खिळा बसवलेल्या लांब बांबूंनी खालून रेटणारी. तिसरी समोरून कप्पीतून दोर ओढणारी. आणि चौथी मागचे दोर धरून ठेवणारी. या चौथ्या तुकडीचे काम बाहेरून रिकामे दिसते, परंतु सांगाडा सरळ उभा होण्याच्या अगदी जवळ येतो तेव्हा तो पुढे कलंडू नये याची सारी जबाबदारी तिच्यावर असते. तिथे मिस्त्रींनी वयाने मोठी, शांत स्वभावाची माणसे निवडून उभी केली. खांबांचे तळ सरकू नयेत म्हणून प्रत्येक उथळ्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीपाशी, दोघे जण पहारी रोवून बसले होते. सांगाडा छातीपर्यंत आला की थांबायचे, खाली लाकडी घोडे सरकवायचे, श्वास घ्यायचा, बांबूवाल्यांनी जागा घ्यायची आणि मग पुढची उचल, असा क्रम होता. पहिल्या कैचीच्या खांबांचे कुसू उथळ्याच्या खळीत बसल्याचा दबका आवाज आला, तेव्हाही कोणी जल्लोष केला नाही, कारण ओळंबा लावून तिरके टेकू ठोकेपर्यंत दोर सोडायचे नाहीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. दुसरी कैची उभी राहिल्यावर दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या तुळया बसल्या, खुंट्या ठोकल्या गेल्या आणि त्यानंतर कामाला वेग आला. पाचवी कैची उभी राहिली तेव्हा संध्याकाळ झाली होती. कोणाला साधे खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पेठेतल्या घराघरांतून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे आले होते, त्यामुळे जेवणाची वेगळी व्यवस्था करावी लागली नाही.

त्रुटी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. हेल्मेट आणि हातमोजे कारखान्याने आणले होते, पण ते त्यांच्या कारागिरांपुरतेच होते. स्वयंसेवकांसाठी आम्हांला ऐन वेळी धावपळ करून ते गोळा करावे लागले. सहाशे किलोंच्या लाकडाखाली माणसे उभी करणाऱ्या सेवेत ही गोष्ट दरातच धरलेली असावी. दुसरे म्हणजे कागदी आराखडा त्यांच्याकडून मिळत नाही. मिस्त्रींचे सर्व माप फळीवर आणि डोक्यात असते. परवानगीसाठी आणि वाऱ्याच्या जोराचा हिशोब तपासण्यासाठी आम्हांला स्वतंत्र अभियंता नेमावा लागला, आणि त्यांच्या सांगण्यावरून कैच्या व खांब यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्या वाढवल्या. वळवाच्या वादळात छप्पर वर उचलले जाते, तेव्हा केवळ खुंट्यांवर विसंबणे योग्य नाही, हे अभियंत्यांचे म्हणणे मिस्त्रींनी खळखळ न करता मान्य केले, याची नोंद करतो. तिसरी तक्रार वेळेची. काम यात्रेनंतर लगेच, थंडीत व्हायचे ठरले होते. प्रत्यक्षात ते उन्हे तापू लागल्यावर झाले आणि त्याचे कारण आम्हांला आधी कळवले गेले नाही.

पाया या सेवेत येत नाही, तो वेगळ्या ठेकेदाराकडून करून घ्यावा लागतो. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेणे आवश्यक असते. आमच्या ठेकेदाराने तो नेला, परंतु उथळ्यांची पातळी सारखी ठेवली नाही. मिस्त्रींनी उभारणीपूर्वी पाण्याच्या नळीने सगळे उथळे तपासले, दोन उथळे उचलून पुन्हा बसवले आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

खर्चाचा हिशोब तीन भागांत असतो : लाकूड घनफुटावर, घडाई कामाच्या मोजमापावर आणि उभारणी दिवसावर. आमचे जुने लाकूड वजा जाऊनही एकूण खर्च लोखंडी शेडच्या कोटेशनच्या सुमारे दीडपट झाला. श्रमदान धरले नसते तर तो आणखी वाढला असता. लाकडाची पावती आणि सागाच्या वाहतुकीची कागदपत्रे त्यांनी मागण्याआधीच दिली. बिलात मात्र घडाई आणि आवारातील जोडणी एकत्र लिहिली होती, ती वेगळी लिहून मागावी.

पावसाळ्यानंतर मिस्त्री ठरल्याप्रमाणे आले. शिडीवर चढून त्यांनी प्रत्येक खुंटी ठोकून पाहिली, सैल वाटलेल्या थोड्या खुंट्या बदलल्या आणि खांबांच्या तळाशी जवसाचे तेल पुन्हा लावायला मुलांना शिकवले. खांब जमिनीपासून वर, दगडी उथळ्यांवर असल्यामुळे वाळवीची माती अजून कुठे दिसलेली नाही. तरीही दर तीन महिन्यांनी उथळ्यांच्या भोवती पाहणी करण्यास त्यांनी सांगितले आहे. ज्या मंडळांना येत्या हिवाळ्यात काम करायचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वीच लाकूड पाहून ठेवावे, तारीख लेखी घ्यावी, अभियंत्याला मिस्त्रींसोबत पहिल्याच भेटीला बसवावे आणि आदल्या दिवसाच्या सरावाला उभारणीचा प्रत्येक स्वयंसेवक हजर राहील याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी. जो सरावाला आला नाही, त्याला मिस्त्री दोराला हात लावू देत नाहीत.