चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र: विजेला उत्तम, राखेला जेमतेम

ऊर्जानगरचे हे केंद्र महानिर्मितीचे सर्वांत मोठे वीज केंद्र असून २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच संच मिळून त्याची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट आहे. पहिला संच १९८३ साली सुरू झाला. तो आणि दुसरा आता कायमचे बंद झाले असून, आठवा व नववा २०१६ मध्ये रुजू झाले. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसा खाणी हाकेच्या अंतरावर आणि पाण्याला इरई धरण, अशी जागा हेरणाऱ्यांना दाद द्यावीच लागेल. पाण्याचा भरवसा मात्र पुरता नाही. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटल्याने संच बंद ठेवावे लागले होते.

वीजनिर्मितीत नाव ठेवण्याजोगे फारसे नाही. येथून पडघ्यापर्यंत गेलेली ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १५०० मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या दिशेने वाहून नेऊ शकते, म्हणजे या सेवेचा मोठा ग्राहक चिमणीच्या आसपासही राहत नाही. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते. तीन वाघिणी कोळसा जळला की सुमारे एक वाघीण राख मागे उरते, आणि ती पडघ्याला जात नाही.

मोहर्लीमार्गे ताडोब्याला निघालेले पाहुणे शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे पांढरे लोट पाहून ‘केवढा हा धूर’ म्हणतात. ती निव्वळ वाफ असते. खरी तपासणी उंच, सडपातळ चिमण्यांच्या तोंडाशी करावी, कारण बारीक धूळ आणि गंधकाचे वायू तेथून बाहेर पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. त्याचा सारा दोष या केंद्रावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण खाणी, सिमेंट कारखाने आणि कोळशाची वाहतूक हेही त्यात वाटेकरी आहेत.

सबब, विजेसाठी पाचपैकी चार तारे आणि राखेसाठी दोन. कोरडी राख सिमेंटमध्ये मिसळता येते, विटांनाही चालते आणि घुग्घुस-गडचांदूर पट्ट्यातील सिमेंट कारखाने याच जिल्ह्यात आहेत. तेव्हा ती बंद टँकरमधून थेट तिकडे जास्तीत जास्त पोहोचली, तर तिसरा तारा देण्यास हरकत नाही.