प्रोफेसर लाँगहेअर : काही महिने सतत ऐकल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून अमेरिकन पियानोवादक आणि गायक प्रोफेसर लाँगहेअर माझ्या कानात जवळजवळ रोज आहे. ऱ्हिदम अँड ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ठेकेदार, लोकप्रिय संगीत) आवडतं, पण या माणसाकडे अजून वळला नाहीत, अशांसाठी हे सविस्तर लिहितोय.

खरं नाव हेन्री रोलँड बर्ड. जन्म १९१८ चा, लुइझियानातल्या बोगलूसाचा; आयुष्य मात्र न्यू ऑर्लिन्समध्ये गेलं. लहानपणी रस्त्यावर नाचून पैसे मिळवायचा, आणि पियानो शिकला तो पट्ट्या तुटलेल्या, टाकून दिलेल्या वाद्यावर. पुढेही वाजवताना पियानोच्या खालच्या फळीवर पायाने ठोके द्यायची सवय राहिली. हे माहीत असलं की त्याचं वादन पटकन उलगडतं: तो पियानोवर तालच वाजवतो, सूर त्या तालाच्या अंगानं येतात.

सुरुवातीला सगळं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे जातं. स्वरांची ती घरंगळ, मधेच सुटणारे तिहेरी झटके, कुणालाही भुरळ पडेल. महिनाभरानंतर कान डाव्या हाताकडे गेला आणि मग तिथून हललाच नाही. आठ मात्रांचं आवर्तन धरा आणि तीन-तीन-दोन असे तुकडे पाडून मांडीवर हाताने मोजा. क्यूबाहून आलेली ही रुंबा नाचाची चाल त्याने ब्लूजमध्ये अशी मुरवली की सांधा कुठे आहे ते सापडत नाही. आणि डावा हात इतका पक्का असताना उजवा खुशाल मागेपुढे रेंगाळतो, समेवर यायची घाई करत नाही. मी की-बोर्डवर दोन्ही हात एकत्र बसवायचा प्रयत्न अजून करतोय. निवांत वाटणाऱ्या त्या वादनात किती ताकद लागते, ते तेव्हा कळतं.

‘टिपिटिना’ (१९५३) हे याचं सर्वात चांगलं उदाहरण. ड्रमवर अर्ल पामर, आणि गाताना मधेच फाटून वर जाणारा लाँगहेअरचा आवाज. शब्दांना धड अर्थ नाही, त्याची गरजही वाटत नाही. हीच चाल चॅम्पियन जॅक डुप्रीच्या ‘जंकर ब्लूज’मध्ये आहे आणि फॅट्स डॉमिनोच्या ‘द फॅट मॅन’मध्येही. तिन्ही लागोपाठ ऐका. चाल तीच, तरी लाँगहेअरकडे आल्यावर ती कमरेतून हलायला लागते.

आता कुठली रेकॉर्डिंग घ्यावीत. ‘न्यू ऑर्लिन्स पियानो’मध्ये ॲटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं १९४९ आणि १९५३ चं काम आहे. मूळ इथे आहे, पण आवाज जुना आणि कोंदट. लहान ब्लूटूथ स्पीकरवर डावा हात जवळजवळ नाहीसा होतो. हे हेडफोनवरच ऐका. नवख्याने मात्र ‘क्रॉफिश फिएस्टा’पासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. काँगा (हाताने वाजवायचे उभे ढोल), ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं), सगळं मोकळं आणि स्वच्छ ऐकू येतं. स्वतः मोठा पियानोवादक असलेला डॉ. जॉन इथे गिटार घेऊन मागे बसलाय. गुरूच्या पियानोला पियानोनं उत्तर देत नाही. हा अल्बम बाजारात येत असतानाच, ३० जानेवारी १९८० ला, लाँगहेअर गेला. एवढं आनंदी वादन ऐकताना ती तारीख आठवते आणि पोटात तुटतं.

कारण मधली वर्षं फार वाईट गेली. देशभर गाजलेलं त्याचं गाणं एकच, १९५० चं ‘बाल्ड हेड’. साठच्या दशकात तो एका रेकॉर्डच्या दुकानात झाडलोट करत होता, पत्ते खेळून चार पैसे मिळवत होता. दर वर्षी कार्निव्हलला शहरभर त्याचं ‘गो टू द मार्डी ग्रा’ वाजत असताना ही अवस्था! १९७१ मध्ये तिथल्या जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हलने त्याला शोधून परत मंचावर आणलं. त्यानंतरच्या १९७१-७२ च्या ध्वनिमुद्रणांत अंध गिटारवादक स्नूक्स ईग्लिन त्याच्याबरोबर आहे. तीही बाहेर आली १९८७ मध्ये, आणि ग्रॅमी मिळालं तेव्हा ते घ्यायला तो नव्हता. ॲलन तूसाँ, डॉ. जॉन अशा न्यू ऑर्लिन्सच्याच पियानोवादकांच्या हातातून त्याचा डावा हात जगभर गेला. त्याच्या स्वतःच्या खिशात मात्र फारसं काही आलं नाही. याचा मला अजून राग येतो.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर एक त्रास होईल. एकाच गाण्याची अनेक मुद्रणं, साल चुकीचं किंवा दिलेलंच नाही. ‘बिग चीफ’चं १९६४ चं मुद्रण शोधताना हे लक्षात ठेवा: नाव लाँगहेअरचं, पियानो त्याचाच, पण गाणारा आवाज आणि शिट्टी गायक अर्ल किंगची. ‘क्रॉफिश फिएस्टा’मधलं ‘बिग चीफ’ वेगळं, पुष्कळ नंतरचं. ‘रॉक अँड रोल गम्बो’ (१९७४) घेतानाही बघून घ्या. त्यात गेटमाउथ ब्राउनची गिटार आणि फिडल (व्हायोलिन) झकास आहे. पण १९८५ मध्ये पियानो पुढे आणून नव्याने मिक्स केलेली आवृत्ती निघाली, ती मिळाली तर तीच घ्या.