पुण्यातील ‘स्वच्छ’ची दारोदारची कचरा-सेवा : एका ग्राहकाचा अभिप्राय

1993 साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या कामातून पुढे आलेली आणि 2008 साली पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे. आमच्या सोसायटीत ही सेवा कित्येक वर्षे सुरू असून तिच्याविषयी माझे मत निःसंशय चांगले आहे.

या सेवेचे खरे कौशल्य वर्गीकरणाच्या वेळी दिसते. आमच्याकडे येणाऱ्या ताई सुका कचरा ताडपत्रीवर ओततात आणि पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, काच यांचे ढीग हाताच्या अंदाजाने इतक्या झपाट्याने वेगळे करतात की पाहत राहावे. घरोघरच्या मासिक शुल्काबरोबरच हे भंगार विकून येणारे पैसेही त्यांचेच असल्याने, विकण्याजोगी वस्तू सहसा कचरा डेपोपर्यंत जात नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना मात्र भंगारवाला जवळजवळ विचारत नाही. तो दोष सेवेचा नव्हे, पाकीट बनवणाऱ्यांचा.

उणीव आहे ती आम्हा रहिवाशांकडे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, एवढी साधी विनंतीही अनेक घरे पाळत नाहीत आणि महिन्याचे पैसे देताना घासाघीस करतात (हीच मंडळी पिझ्झा निमूटपणे मागवतात!). नव्याने राहायला येणाऱ्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. फक्त ओला कचरा निथळून द्यावा.