बाल्साचा पंख की फायबरचा? गोव्याच्या हवेत कुठला परवडतो

चवथ आटोपली, पाऊस ओसरला, की आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रिमोटची विमानं निघतात आणि कुणीतरी नवा माणूस हमखास विचारतो : पंख बाल्साच्या हलक्या लाकडाचा बांधू की कॉम्पोझिट, म्हणजे फोमवर फायबरचं कापड आणि रेझिन चढवलेला? मी उलट विचारतो, मोडल्यावर काय करणार?

कारण मोडणार हे ठरलेलंच. नोव्हेंबरात सड्यावर गवताची गादी असते. मार्चपर्यंत ती वाळते आणि खाली उरतो नुसता खडबडीत जांभा. बाल्साच्या दोन रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) तुटल्या तर वरची प्लास्टिकची फिल्म कापायची, नव्या रिब सायनोने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने) चिकटवायच्या, वर फिल्मचा तुकडा इस्त्रीने बसवायचा. पुढच्या रविवारी विमान हवेत. काय मोडलंय ते डोळ्यांना दिसतं, हे सगळ्यात मोठं सुख. फायबरचा पंख सहजासहजी मोडत नाही, पण आपटला की कातडी आतल्या फोमपासून सुटू शकते आणि वरून पत्ता लागत नाही. नाण्याने टकटक करत अख्खा पंख तपासायचा. आवाज बद्द आला, की तिथं गडबड आहे.

मग बाल्साच घ्यावा? थांबा, आपल्याकडे जून ते सप्टेंबर असतो. बाल्सा ओल पितो, फिल्म सैल पडते, पंखाला पीळ बसतो. पीळ हीट गनने काढता येतो : पंख उलट्या बाजूला थोडा पिळून धरायचा, फिल्म तापवायची, थंड होईपर्यंत सोडायचा नाही. बुरशी आणि वाळवी मात्र तशी ऐकत नाहीत. माझे पंख पावसाळाभर छताला टांगलेले असतात, भिंतीला टेकवून कधीच नाही.

फायबरला वाळवीची धास्ती नाही, पण तो बनवतानाच आपली दमट हवा आड येते. कापड ज्यात भिजवतात त्या इपॉक्सी रेझिनवर मेणचट थर धरतो. तो साबणाच्या पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा थर द्यायचा, नाहीतर तो धरत नाही. आणखी एक, खास आपल्याकडचा मोह : होड्यांना फायबर मारणाऱ्यांकडे रेझिन स्वस्तात मिळतं, तेच का वापरू नये? ते बहुधा पॉलिएस्टर असतं. त्यातलं स्टायरीन थर्मोकोल आणि एक्सपीएस (त्याहून दाट फोम) दोन्ही विरघळवतं. डोळ्यांदेखत पंखातला फोम बसतो. इपॉक्सीच घ्या, हातमोजे घाला. काच किंवा कार्बन घासताना मास्क लावा.

आणि ऊन. एप्रिलमध्ये मी काळा कार्बनचा पंख बंद गाडीत ठेवून जेवायला गेलो. घरच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. परत आलो तर मागची कड लाटेसारखी झाली होती. चूक माझीच. तेव्हापासून वरची बाजू पांढरी रंगवतो.

हवेत मात्र फायबरचं पारडं जड. तापल्या तारेने कापलेला फोम, वर काचेचं पातळ कापड, आत कार्बनचा स्पार (पंखाचा कणा), आणि व्हॅक्यूम बॅगेत दाबून सुकवलेला पंख आकार नेमका धरतो. बाल्साची फिल्म दोन रिबांमध्ये किंचित बसतेच. समुद्राकडच्या कड्यावर वारा धरून ग्लायडर सुळकन खाली घालायचा असेल, तर पातळ आणि न पिळणारा पंख हवा. तिथं फायबरला तोड नाही. फक्त कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो, म्हणून रिसीव्हरची अँटेना कार्बनबाहेर काढा.

‘कॉम्पोझिट म्हणजे हलकं’ हे मात्र सरसकट खरं नाही. दीड मीटरच्या संथ ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) उघड्या रिबांचा बाल्साच बहुधा हलका भरतो, कारण कापडात रेझिन जास्त मुरलं की पंख जड होतो आणि नवशिक्याच्या हातून ते हमखास जास्त मुरतं.

म्हणून पहिलं विमान असेल तर मी बाल्सा सांगेन. दोन पावसाळे काढून मग कड्यावर जायचं असेल तर फायबर घ्या, जमल्यास तयार साच्यातलाच. आणि कुठलाही पंख असो, उडवण्याआधी कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ एवढ्याशा राज्यात आहेत, मोकळा दिसणारा प्रत्येक सडा मोकळा नसतो.